रंगनाथ मूर्तिकाराच्या कासवगाड्या

नगरला नालेगावात, सीना नदीच्या अंगाला, रंगनाथचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना आपला म्हणायला. पत्र्याची एक लांब शेड, पुढं अंगण आणि अंगणात शाडूची माती भिजत घालायचा हौद. नगरात त्याच्यापेक्षा मोठे कारखाने होते, त्यांच्या मूर्ती ट्रक भरून बाहेरगावी जात. रंगनाथ वर्षाला दीडशे मूर्ती करायचा आणि तेवढ्या पुरे म्हणायचा. तरी पारनेर, राहुरी, पार राजूरच्या डोंगरातून माणसं त्याच्याकडं यायची, ती डोळ्यांसाठी. त्यानं आखलेला गणपती समोर हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाकडंच बघायचा. मालनबाई, त्याची बायको, म्हणायची की हा काही त्यांचा गुण नाही, देवच तेवढ्यापुरता हातात उतरतो. रंगनाथही तसंच मानायचा.

डोळे आखायची त्या घराची रीत वडलांपासून चालत आलेली. सकाळी आंघोळ, सोवळ्याचं धोतर, पोटात अन्नाचा कण नाही. आधी उजवा डोळा, मग डावा. वरची पापणी एका श्वासात, एका रेघेत. रेघ मध्येच अडखळली तर ती जोडायची नाही, सगळा चेहरा पुन्हा रंगवायचा. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. मालनबाई शेजारी रंगाच्या वाट्या धरून बसायची. लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिनं वाट्या धरल्या, पण कुंचला कधी हातात घेतला नाही. घ्यावा असं कुणी म्हटलंही नाही.

अशा माणसाच्या हातून मोटारी घडल्या, त्या भिंगारच्या कर्नलसाहेबांमुळं.

कर्नलसाहेब लष्करातून निवृत्त होऊन भिंगारला एकटेच राहत होते. त्र्याण्णव साली अनंत चतुर्दशी उलटल्यावर ते एक खोकं घेऊन रंगनाथच्या अंगणात आले. खोक्यात हातभर लांबीची मोटार होती, रिमोटवर चालणारी, परदेशातून आणलेली. चाकं जाडजूड, काटेरी, प्रत्येक चाकावर स्प्रिंग. रस्त्यावर नाही तर दगडधोंड्यांतून आणि ओढ्यातून पळायला केलेली. वरचं प्लॅस्टिकचं अंग मात्र फुटून तुकडे झालेलं. साहेबांनी खिशातून एक जुना फोटो काढला. त्यात त्यांचे वडील एका गोल पाठीच्या, गोल नाकाडाच्या गाडीला टेकून उभे होते. पुढं दोन वाटोळे दिवे.

"ही बीटल," साहेब म्हणाले. "आमच्या घरची पहिली गाडी. हिच्यासारखं अंग या सांगाड्यावर बसवायचंय. पुण्यात विचारलं, सगळ्यांनी हात वर केले. तुम्ही गणपतीचं पोट करता, मग ही पाठ का नाही जमणार?"

रंगनाथनं फोटो उन्हात धरून बराच वेळ बघितला. "जमंल," एवढंच म्हणाला.

पहिलं अंग त्यानं प्लॅस्टरचं केलं. मूर्तिकारच तो, त्याला अंग म्हणजे भरीव आणि जड असंच माहीत. गाडीवर चढवल्याबरोबर चारी स्प्रिंगा खाली बसल्या आणि मोटार जागची हलेना. वायरिंग बघायला माळीवाड्यातला गोरक्ष आला होता, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा, रंगनाथचा लहानपणापासूनचा दोस्त. तो गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "अण्णा, विसर्जनाला निघालीय का ही? चार माणसं बोलवू का उचलायला?"

मग रंगनाथनं लगदा केला. जुनी वर्तमानपत्रं आठ दिवस भिजत घातली, कुटली, त्यात डिंक आणि खडूची भुकटी मळली. प्लॅस्टरचं अंग वाया गेलं नव्हतं. त्यावरूनच दोन अर्धुकांचा साचा काढला. साच्यात लगद्याचा पातळ थर, त्याच्या आतून मालनबाईच्या जुन्या लुगड्याचं कापड, वर पुन्हा थर. सावलीत वाळलं तेव्हा ते अंग तळहातावर तोलता येईल इतकं हलकं झालं होतं. घासून, रंगवून, वॉर्निश देऊन गाडी सीनेच्या कोरड्या पात्रात सोडली. ती गोट्यांवरून उड्या मारत गेली, उलटली, पुन्हा सरळ झाली, आणि अंगाला साधा टवकाही उडाला नाही. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

गल्लीतल्या लोकांनी तिला कासवगाडी नाव दिलं आणि तेच राहिलं.

पुढच्या तीन वर्षांत अशा आठ गाड्या झाल्या. साहेबांच्या ओळखीनं पुण्याहून, नाशिकहून, देवळालीहून माणसं यायची. दिवाळी ते होळी, मूर्तीचं काम नसताना, रंगनाथ अंग करायचा आणि गोरक्ष मुंबईहून सुटे भाग मागवून खालचा सांगाडा जुळवायचा. येणारा प्रत्येक जण आपल्या घरच्या गाडीचा फोटो आणायचा, आणि रंगनाथ नुसती बीटल न करता तीच गाडी करायचा. एकाच्या वडलांच्या गाडीला डाव्या मडगार्डवर पोचा होता, त्यानं तो पोचासुद्धा केला. तो माणूस अंगणातच रडला. मालनबाईनं त्याला पाणी दिलं आणि नंतर नवऱ्याला म्हणाली, "ही पण मूर्तीच म्हणायची की." रंगनाथला ते पटलं. तो अंग करायला बसायच्या आधीही हात-पाय धुऊ लागला.

आता खरी गोष्ट शहाण्णव सालची.

त्या वर्षी होळीनंतर नववी गाडी तयार झाली. गोरक्षनं तिला नवा रिमोट आणला होता, फार नाजूक. जुन्या गाड्यांची चाकं एक तर डावीकडं वळायची, नाही तर उजवीकडं. या गाडीत रिमोटची दांडी केसभर सरकवली तर चाकंही केसभर वळत. रंगनाथनं अंगणात गाडी ठेवली, अंगठा दांडीवर ठेवला, आणि पुढची दोन्ही चाकं थरथरायला लागली. गाडी जागेवर उभी, आणि चाकं थंडी भरल्यासारखी.

"बिघडली," रंगनाथ म्हणाला.

गोरक्ष गाडी दुकानात घेऊन गेला. चाकं वळवणारी छोटी मोटर असते, ती त्यानं तपासली. दुकानात गाडी शहाण्यासारखी वागली. परत आणून अंगणात ठेवली, रंगनाथनं रिमोट घेतला, की चाकं पुन्हा थरथरायची. गोरक्षनं मोटर बदलली. दुसऱ्यांदा बदलली. तारांना चंदेरी कागद गुंडाळला.

"माझ्याकडं गुण्यागोविंदानं चालते आणि तुझ्या दारात आली की हिला कापरं भरतं," गोरक्ष म्हणाला. "अण्णा, हे नक्की लष्कराच्या वायरलेसमुळं. कॅम्पातून रात्रंदिवस लहरी सुटत असतात. तुझं अंगण बरोबर त्यांच्या तोंडाशी आलंय."

"असेल," रंगनाथ म्हणाला.

हे 'असेल' म्हणताना त्याला खरं कारण कळून चुकलं होतं.

दोन वर्षांपासून त्याचा उजवा हात कापत होता. आधी चहाची बशी धरताना, मग सुई ओवताना. डोळे आखताना तो डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरायचा आणि श्वास इतका रोखायचा की कानशिलं दुखायची. गेल्या वर्षी सतरा चेहरे पुसून पुन्हा रंगवले होते. मालनबाईला सांगितलं, रंगच खराब आलाय यंदा. ज्या हातात देव उतरतो त्या हातानं असं करावं, हे त्याला कुणाजवळ बोलवेना. आणि आता ही गाडी. तो जे लपवत होता ते ही सगळ्या अंगणाला दाखवत होती. बघणाऱ्यांना अजून कळलं नव्हतं, इतकंच.

वायरलेसचं कारण आयतंच मिळालं होतं. रंगनाथनं ते धरून ठेवलं. गोरक्ष बिचारा लहरींपासून लांब म्हणून गाडी स्कूटरवर बांधून चांदबीबीच्या महालाकडं गेला, डोंगरगणला गेला. रंगनाथ मागं बसून जायचा आणि दर वेळी काहीतरी करून रिमोट गोरक्षच्याच हातात राहील असं बघायचा. एकदा गोरक्षनं बळंच हातात दिला. चाकं थरथरली. "इथपर्यंत येतात लहरी," गोरक्ष चकित होऊन म्हणाला, आणि दुकानातलं काम टाकून त्यानं तिसरी मोटर बसवली. रंगनाथ त्या रात्री जेवला नाही. मालनबाईला वाटलं, विनायकी चतुर्थीचा उपास धरला असेल.

त्या वर्षी अधिक आषाढ आला. धोंड्याचा महिना. मालनबाईच्या माहेराहून, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याहून, तिच्या धाकट्या भावाचा, आसारामचा निरोप आला, की दाजींना घेऊन धोंडे जेवायला या. जावयाला नाही म्हणता येत नाही त्या महिन्यात. गोरक्षला कळलं तसा तो गाडीचं खोकं घेऊन एसटी स्टँडवर हजर.

"वहिनी, हे घेऊन जा. खर्ड्याला ना कॅम्प, ना वायरलेस. तिथं चालली तर माझं डोकं ठिकाणावर आहे म्हणायचं. नाही चालली तर मी दुकान बंद करून भजनाला बसतो."

"तुमचा गळा ऐकलाय मी भावोजी," मालनबाई म्हणाली. "गाडी चालूच दे देवा."

रंगनाथ खोकं मांडीवर घेऊन खिडकीशी बसला. जामखेड येईपर्यंत त्याच्या मनात दोनदा आलं की खोकं बसमध्ये विसरावं. पण वाडवडलांपासून हातानं केलेली वस्तू टाकून द्यायची सवय नव्हती.

खर्ड्याला जावयाचा मान यथासांग झाला. आसारामची बायको, बनुबाई, तिनं पुरणाचे धोंडे वाढले, ताटात तेहेतीस अनारसे ठेवले. रंगनाथनं डावा हात ताटाला लावून उजव्यानं घास घेतला.

"दाजी, लई हळूहळू जेवताय," बनुबाई म्हणाली. "आमचं पुरण गोड न्हाई लागत का?"

"गोड आहे. म्हणूनच सावकाश."

जेवण झाल्यावर आसारामनं खोकं उघडायला लावलं. किल्ल्याच्या मागं मोकळं माळरान होतं. विजेचा खांबसुद्धा लांबच. ऊन कलतं झालेलं, पाऊस अजून लांब. दहा-बारा माणसं बघायला जमली. नववी कासवगाडी मुरमाड मातीवर ठेवली, पिवळ्या अंगाची, पाठीवर उन्हाची रेघ घेऊन.

"चालवा की दाजी. कवापासनं ऐकतोय आमी."

रंगनाथनं रिमोट घेतला. पुढची चाकं थरथरली. त्यानं कोपर बरगडीशी दाबलं, दात आवळले. चाकं आणखीच थरथरली.

"भ्याली जणू गाडी," कुणीतरी म्हणालं, आणि माणसं हसली.

मालनबाई हसली नाही. ती गाडीकडं बघत नव्हतीच. ती नवऱ्याच्या अंगठ्याकडं बघत होती. मग ती पुढं आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि हात पुढं केला.

"द्या इकडं जरा."

तिनं दांडीवर बोट ठेवलं आणि चाकं जागच्या जागी थांबली. दिव्याची ज्योत वारा पडल्यावर उभी राहते तशी. तिनं दांडी हळूच सरकवली, गाडी गोल वळली, दगडावरून गेली, चढ चढली. माणसं तिच्यामागं पळाली. आसाराम ओरडत होता, "आक्का, नाल्यात घाल, नाल्यात." मालनबाईनं गाडी नाल्यात घातली, बाहेर काढली आणि तिथंच उभी केली.

"झाली बघा दुरुस्त," ती सगळ्यांना म्हणाली. नवऱ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. माहेरच्या माणसांपुढं तिला ते बघायचं नव्हतं.

परतीची बस पाटोदा फाट्यावरून पुढं गेली. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "गेल्या वर्षीचा रंग चांगला होता."

"व्हय."

"मला वाटलंच. वाटीतला रंग बोटानं बघत होते ना मी रोज." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "गोरक्ष भावोजींना माहितीय?"

"नाही."

"तीन मोटरी बदलल्या त्यांनी."

रंगनाथनं खिडकीबाहेर तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी तो माळीवाड्यात गेला. गोरक्ष एका रेडिओत डोकं घालून बसला होता. रंगनाथनं स्टुलावर बसून सगळं सांगितलं, होळीपासूनचं. उजवा हात टेबलावर ठेवला आणि दाबून न धरता तसाच राहू दिला. गोरक्षनं त्या हाताकडं बघितलं.

"डोंगरगणला मी त्या वायरलेसला आईबहिणीवरून शिव्या घातल्या," तो म्हणाला. "तू मागं उभा राहून ऐकत होतास."

"व्हय."

"माझ्याजवळ तरी बोलायचं होतंस रे." त्यानं हातातला पाना खाली ठेवला. पुढं चार-पाच दिवस तो नालेगावात फिरकला नाही. मग एका सकाळी आला, रंगनाथला स्कूटरवर घातलं आणि डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हात थोडा कमी कापेल म्हणाले, पूर्ण थांबेल असं सांगत नाही म्हणाले.

कर्नलसाहेबांना नववी गाडी कुणाला तरी द्यायची होती. रंगनाथनं त्यांनाही खरं सांगितलं. साहेबांनी गाडी चालवून बघितली, ठीक चालली. "अंगात तर काही कमी नाही," ते म्हणाले. "अंग करायला हात चालतो ना?"

"लगदा थापायला चालतो. घासायला चालतो."

"मग करत राहा."

गाड्यांचं असं निभावलं. पण श्रावण लागला होता आणि दीडशे मूर्ती डोळ्यांवाचून शेडमध्ये ओळीनं बसल्या होत्या. सगळं रंगून झालं, फक्त डोळे राहिले. रोज सकाळी रंगनाथ आंघोळ करून, सोवळं नेसून त्यांच्यापुढं बसायचा आणि उठायचा. गोळ्यांनी भागत नव्हतं. दोन दिवसांत त्यानं सहा चेहरे पुसले.

तिसऱ्या दिवशी तो मालनबाईला म्हणाला, "उद्या उपास धर."

ती तांदूळ निवडत होती. "कशाचा?"

"आखायचं तुला."

तिनं सूप खाली ठेवलं. "मामंजी असते तर काय म्हणाले असते?"

"ते नाहीत. मूर्ती आहेत, आणि चतुर्थी आहे."

"माझ्या हातात ते यायचं नाही. तुमच्या हातात देव येत होता."

रंगनाथ तिच्यासमोर बसला. "खर्ड्याला चाकं थांबली ती कुणाच्या हातात?" तो म्हणाला. "मी देवाजवळ दोन वर्षं खोटं बोललो, मालन. तो माझ्या हातात यायचा कधीच थांबला असंल. मीच धरून बसलो."

ती रात्रभर कूस बदलत राहिली. सकाळी केसांवरून पाणी घेऊन, ओलेत्यानं देवापुढं बसली आणि मग शेडमध्ये आली. वाट्या धरायला रंगनाथ बसला, पण वाटीतला रंग हेलकावे खायला लागला, तेव्हा तिनं वाट्या त्याच्या हातातून घेऊन जमिनीवर ठेवल्या. पहिला चेहरा बिघडला. दुसऱ्याचा डावा डोळा बिघडला. रंगनाथ रीत मोडून बोलला, तेवढं एकदाच. "श्वास सोडू नको. रेघ संपली की मग."

तिसऱ्या मूर्तीचे डोळे झाले तेव्हा दहा वाजले होते. दोघांनी ती उजेडात नेली. डोळे चांगले होते, पण ते रंगनाथचे डोळे नव्हते. पापणी जरा जड, नजर थोडी खाली. समोर उभ्या राहिलेल्या माणसाकडं हा गणपती बघत नव्हता. तो स्वतःशीच काही विचार करत असल्यासारखा वाटत होता.

रंगनाथनं नमस्कार केला. मालनबाई म्हणाली, "गिऱ्हाईक घेईल का पण?"

पोळ्यानंतर गिऱ्हाईकं यायला लागली. राजूरचा श्रीमंत नावाचा एक म्हातारा बाबा दर वर्षी पहाटेच्या एसटीनं येई आणि आपल्या मूर्तीचे डोळे समोर बसून आखून घेई. हा त्याचा एकवीस वर्षांचा नेम. त्याची मूर्ती मुद्दाम डोळ्यांवाचून ठेवली होती. पागोटं मांडीवर काढून ठेवून तो शेडच्या तोंडाशी मांडी घालून बसला. मागं आणखी सात-आठ माणसं मूर्ती बघत होती.

"चला, बसा," तो रंगनाथला म्हणाला.

मालनबाई दाराआड उभी होती. रंगनाथच्या मनात आलं, सांगावं की आज बरं नाही. मूर्ती संध्याकाळी घेऊन जा. बाबाला काय कळणार होतं. गोळी घेऊन एक मूर्ती तर जमेलही कदाचित. त्यानं माणसांकडं बघितलं आणि उजवा हात पुढं करून सगळ्यांना दिसेल असा धरला. बोटं कापत होती.

"बाबा, माझ्याच्यानं आता डोळे होत नाहीत. दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी नेलात तो गणपती मी तीनदा पुसला होता आणि तुम्हाला सांगितलं नव्हतं. यंदाचे सगळे हिनं आखलेत. तुमचा पण हीच आखेल. नको असेल तर तसं सांगा, मी स्वतः दुसऱ्या कारखान्यात घेऊन जातो तुम्हाला."

दोन माणसं हातातली मूर्ती पाटावर ठेवून, पुन्हा येतो म्हणून निघून गेली. त्या साली अकरा घरं परत आली नाहीत, आणि त्यांतली चार नंतरही कधी आली नाहीत.

श्रीमंत बाबा उठला, ओळीनं ठेवलेल्या मूर्तींपुढून सावकाश चालत गेला. एकीपुढं वाकला, दुसरीपुढं बसला. परत येऊन पहिल्या जागी मांडी घातली.

"तुमच्यासारखे न्हाईत हे डोळे," तो म्हणाला.

"नाहीत. तिचे आहेत."

"बाईनं उपास धरलाय का?"

"धरलाय."

म्हाताऱ्यानं दाराकडं बघून हात जोडले. "मग बसा आईसाहेब. माझी एसटी अकराची हाय."

मालनबाई येऊन बसली. रंगनाथनं मूर्ती तिच्यापुढं सरकवली, रंगाच्या वाट्या तिच्या उजव्या हाताशी जमिनीवर लावल्या आणि स्वतः दोन हात लांब भिंतीला टेकून बसला. तिनं कुंचला उचलला. रंगनाथनं तिच्याबरोबर श्वास आत घेतला आणि उजव्या पापणीची रेघ संपेपर्यंत सोडला नाही.